शेंगदाण्याच्या दह्याची वाटी

दावणीला दोन म्हशी आणि घरधन्याला दूध चालेना, ही देवाने आमची केलेली चेष्टाच. चाळिशी ओलांडल्यावर यांना दुधाचं काहीही पोटात गेलं की अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. एकदा श्वासच कोंडला, तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांनी दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद केलं. चहा सुटल्याचं यांना फारसं वाटलं नाही. दही सुटलं तेव्हा मात्र हा एवढा मोठा माणूस ताटावर रुसून बसला.

शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागतं, हे मी मोबाईलवर पाहिलं. शेंगदाणे भिजवले, चोळून सालं काढली, मिक्सरमध्ये वाटून फडक्यातून गाळले. ते दूध बुडाला लागू न देता उकळलं आणि कोमट व्हायला ठेवून अंगण झाडायला गेले. तेवढ्यात सासूबाईंनी मायेपोटी त्यात घरच्या दह्याचं चमचाभर विरजण घातलं. दही छान घट्ट लागलं. यांनी दोन घास खाल्ले आणि ओठ टम्म सुजले. इंजेक्शनावर निभावलं.

"इरजणाबिगर दही लागतंय व्हय कुठं? मला काय ठावं, बाई!" सासूबाई रडत होत्या. मी त्यांच्यावर ओरडले नाही. उभ्या जन्मात त्यांनी विरजणाशिवाय लागलेलं दही पाहिलं नव्हतं, मीही नव्हतं.

मग हिरव्या मिरचीचे देठ घालून दही लावायला शिकले. पहिल्या खेपेला ते पाणचट होतं, उग्र वास मारतं. त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला लावत गेलं की पाच-सहा खेपांनी सुधारतं. थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या पोत्यांमध्ये ठेवायचे. लेकराला जपावं तसं त्या विरजणाला जपलं. म्हशीच्या दह्याचं विरजण संपलं तर शेजारी वाटी घेऊन जाता येतं. माझं संपलं तर पार जवळा बाजार गावापर्यंत कुणाकडे मिळणार होतं?

खरं सांगते, मला ते दही कधीच आवडलं नाही. शेंगदाण्याचा वास काही केल्या जात नाही. हे मात्र भाकरी कुस्करून खायचे, बोटं चाटायचे आणि वर म्हशींना ऐकू जाईल असं म्हणायचे, "तुमाला जमन का असं?" मी हसायचे. माझं सगळं कौतुक त्या एका वाक्यात होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

गेल्या सोयाबीनच्या काढणीत हे शेतात गेले आणि बांधावर बसल्या जागी संपले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

सुतकात माझं विरजण नासून गेलं. कुणाला त्याची शुद्ध होती? तेरवीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा मिरचीचे देठ घेऊन बसले. पहिल्या खेपेचं दही, व्हायचं तसंच झालं, पाणचट. तरी वाटीत घालून नैवेद्याच्या पानात ठेवलं. नणंदेने ती वाटी उचलून बाजूला केली आणि म्हशीच्या दह्याची ठेवली.

"आता कायचं पथ्य, वैनी? जित्तेपणी लई मन मारलं त्यानं. आता तरी खरं दही खाऊ द्या की."

मला संताप आला. खरं दही म्हणे! मग मी इतकी वर्षं काय लावत होते? मी माझी वाटी पुन्हा पानात ठेवली. शेवटी दोन्ही वाट्या गच्चीवर गेल्या.

एरवी कावळा शिवेपर्यंत लोक ताटकळतात. त्या दिवशी पान ठेवून आम्ही मागे सरलो नाही तोच तो आला. माझ्या वाटीवरून उडी मारून म्हशीच्या दह्यात त्याने चोच घातली. आणखी दोघे आले, तेही तिथेच. वाटी रिकामी झाली. माझ्या वाटीला कुणी शिवलं नाही.

"बगा, जीव अडकला व्हता लेकराचा," नणंद म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यांना बरं वाटून राहिलं होतं.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "तुह्या दह्याला त्यानं कधी नाव ठेवलं न्हाई, बाई."

त्या धीर द्यायला बोलल्या. पण नाव न ठेवणं म्हणजे आवडणं नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं. ती बोटं चाटणं, म्हशींना टोमणे मारणं, ते माझ्यासाठी होतं का? मी पोतं हलवून पातेलं काढायचे म्हणून तो माणूस रोज दोन वेळा मन मारत होता का?

कावळ्याला काय कळतं, असं मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. ते पटतं, आणि जेवायला बसलं की पुन्हा पटत नाही. मला यांना एवढंच विचारायचं आहे, खरं सांगा, जमत होतं का मला? ते पुन्हा खोटं बोलले तरी चालेल.