घाटात बोलायचं नाही

तुळजापूरच्या घाटात आमच्या गाडीत कोणी बोलत नसे. जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन चढावर आतून टकटक ठोकू लागलं, तर ते वडिलांना ऐकू यायला हवं असे. ठोका ऐकला की वर पोहोचल्यावर ते बॉनेट उघडून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत. मग ठिणगी जरा उशिरा पडे आणि ठोका थांबे.

यंदा नवी गाडी आली. घाट लागताच वडिलांनी एसी बंद केला आणि डावा हात वर केला. मागच्या सीटवर आई भाचीच्या लग्नातली हकिकत सांगत होती. ती मध्येच थांबली. मी सांगितलं, या इंजिनाला सेन्सर आहे. ठोक्याची थरथर त्याला कळते आणि कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा पाडतो.

"आपल्याला ऐकू यायच्या आधी?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"मग आता तरी बोलू द्या की," आई म्हणाली. "सारा संसार झाला, ह्या घाटात एक गोष्ट पुरी न्हाय केली म्या."

वडिलांनी आणखी एक वळण कान देऊन काढलं. मग एसी लावला.

"बोल. पण हळू. त्या सेन्सरला ऐकू आलं पाहिजे."

"तर नवरीचा मामा रुसला," आईने कुजबुजत सुरुवात केली.