टाचणीमास्तरांनी शिवलेला खाऊ

हे विश्वंभरा, दाण्यात अंकुर भरणाऱ्या, फळात रस भरणाऱ्या आणि माणसाच्या छातीत, जागा नसतानाही, माया ठासून भरणाऱ्या दयाघना, तुला पहिला नमस्कार! तू आकाशाचे एवढे कापड अंथरलेस, त्याला कुठे जोड दिसत नाही. पृथ्वीला डोंगरांच्या चुण्या घातल्यास, कुठे धागा लोंबत नाही. तुझ्या त्या कारागिरीपुढे मस्तक ठेवून एका साध्या कारागिराचे चरित्र सांगायला बसलो आहे. तुझी अनुमती आहे असे धरून चालतो. कथा ऐकताना तुला हसू आले, तर आवरू नकोस. आम्हालाही आवरलेले नाही.

तर या कारागिराला सारी गल्ली टाचणीमास्तर म्हणते. धंदा शिंप्याचा. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि खालच्या वरच्या सगळ्या जगात मास्तरांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात एक टाचणी. मापे घेताना टाचणी, हिशेब सांगताना टाचणी, चहा पितानाही टाचणी. चहा उजवीकडून आत जाई आणि टाचणी डावीकडे आपली जागा राखून असे. त्यामुळे मास्तरांचे बोलणे अर्ध्या उघडलेल्या दारातून आल्यासारखे येई. गल्लीला त्याची इतकी सवय झालेली, की मास्तरांच्या चेहऱ्याला नाक आहे तशी टाचणी आहे, एवढेच सगळे धरून चालत.

मास्तरांचे जगात एकाच गोष्टीशी वैर होते. रेडीमेड! समोरच तयार कपड्यांचे दुकान. त्याच्या मालकाला मास्तर रेडीमेडशेठ म्हणत, आणि तेही लांबून म्हणत. घरात तयार शिवलेली वस्तू येऊ द्यायची नाही, हा मास्तरांचा नेम. पडदे घरचे, उशांचे अभ्रे घरचे, पायपुसण्यालासुद्धा दुहेरी शिलाई. मोजे तेवढे बाजारातले होते. पण त्यांचा विषय घरात कुणी काढत नसे.

आणि मास्तरांची पत्नी? ती माउली दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळ्या केल्या, दिवसपाळ्या केल्या, आणि पाळी संपली की घरी येऊन स्वयंपाकही केला. तिचा प्रत्येक गणवेश मास्तरांनी शिवला. कॉलर अशी बसवत, की थोरले डॉक्टर आधी कॉलर पाहत आणि मग रुग्ण. पण संसाराला इतकी वर्षे लोटली, तरी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी केलेला एक घास काही तिच्या ताटात पडला नव्हता. ती कधी तक्रार करत नसे. फक्त एकदा, निवृत्तीचा दिवस जवळ आला तेव्हा, भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, तुम्ही मला अंगभर शिवून दिलंत. पोटभर मात्र कधी काही दिलं नाहीत."

ती हसतच म्हणाली. पण मास्तरांच्या काळजात ते वाक्य जे टोचले, ते निघेना. त्यांनी ठरवले: ती शेवटची पाळी करून येईल, तेव्हा तिच्यासमोर आपल्या हातचे ताट असेल. तिला फळे भरलेले गोड पफ आवडतात, तेच करायचे. मग लोक काही म्हणोत!

लोक म्हणाले नाहीत, पण पीठ बोलले. मास्तरांनी मैदा मळला, लोणी घातले, लाटले, घडी घातली, पुन्हा लाटले. जे तयार झाले ते पाहायला मेहुणी आली. ही मेहुणी म्हणजे पत्नीची धाकटी बहीण; जिभेला कात्रीची धार, आणि ओव्हन तिच्याच घरून आणलेला. तिने ती पोळी उचलली, टेबलावर आपटली. टेबलाचा टवका उडाला.

"भावोजी, हे कॉलरच्या आत घालायचं कापड आहे का?"

"पीठ आहे," मास्तर पुटपुटले.

"माझी ताई इतकी वर्षं दुसऱ्यांची हाडं जोडत आली. आज तिचेच दात जोडायची वेळ आणणार तुम्ही!" असे म्हणून तिने पिशवीतून पुठ्ठ्याची एक गार नळकांडी काढली. "तयार पीठ. फ्रीजमधलं. फळं भरा, घडी घाला, भाजा. संपलं."

"तयार?" मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे… रेडीमेड?"

"हो, रेडीमेड. मोज्यांसारखं."

काय त्या जीवाची घालमेल झाली असेल, देवा! एका हाताला जन्माचा नेम, दुसऱ्या हाताला जन्माची सोबतीण. मास्तरांनी डोळे मिटले, समोरच्या दुकानाकडे पाठ केली आणि नळकांडीचा कागद सोलला. तोच ती नळकांडी फाट्‌कन फुटली! आतले पीठ फुगून बाहेर डोकावले आणि मास्तर कोपऱ्यातल्या घरच्या शिलाईयंत्राखाली गेले.

"भावोजी, बाहेर या. पीठ आहे, चावत नाही."

मास्तर रांगत बाहेर आले. पीठ उलगडले, तर त्यावर तिरप्या रेघा. कापायच्या खुणाही आधीच पाडलेल्या. मास्तर हळहळले. "बेतणंसुद्धा करून ठेवलंय मेल्यांनी. मग मी काय करू?"

"तुम्ही कौतुक करून घ्या," मेहुणी म्हणाली, आणि ताईला आणायला दवाखान्याकडे निघाली. जाताना दारातून बजावले, "कडा काट्याच्या चमच्याने दाबा, म्हणजे उलणार नाहीत. चमच्याने हं! दुसरं काही अवजार लावू नका."

एकांत मिळाला, आणि मास्तरांमधला कारागीर जागा झाला. तयार कपडा अंगावर बसत नाही, तेव्हा लोक शेवटी कुणाकडे येतात? शिंप्याकडे! मग या रेडीमेडलाही फिटिंग केले, तर नेम कुठे मोडला? सफरचंदाच्या फोडी साखर आणि लिंबाच्या रसात शिजवून ठेवल्या होत्या. मास्तरांनी टेप काढला आणि त्या सारणाचा घेर घेतला. "पोटात जरा सैल ठेवावं लागेल," ते पिठाला म्हणाले. "भाजल्यावर अंग धरशील." शिलाईसाठी कडेला दाब, म्हणजे जादा पट्टी, सोडला. काही पफांना खिशाचा आकार दिला, काहींना बाहीच्या कफाचा. आणि एक पफ, फक्त एक, त्यांनी कॉलरचा केला. पत्नीच्या अगदी पहिल्या गणवेशाची होती तशी, टोकाला किंचित गोल. तो करताना त्यांचे हात सावकाश चालले.

चमच्याने कडा दाबल्या. पण बोटांनी दाबून पाहिल्यावर कारागिराचा विश्वास बसेना. आगीत उसवले तर? शिलाईआधी कापड जोडून धरायला शिंपी काय करतो? जे करतो, तेच मास्तरांनी केले. प्रत्येक पफाच्या प्रत्येक कोपऱ्याला टाचणी लावली! उकळत्या पाण्यातून धुऊन लावली, एवढी अक्कल भगवंताने त्या क्षणीही शाबूत ठेवली.

पफ भाजले. काय फुगले, काय सोनेरी झाले! घर सफरचंदाच्या वासाने भरून गेले. मास्तरांनी फुंकर मारत, बोटे झटकत एकेक टाचणी उपसली आणि उशीत खोचली. ही टाचण्यांची उशी त्यांची रोजची. रात्री निजताना गोल गोल रांगा, एकही जागा रिकामी नाही, हा तिचा शिरस्ता. एवढ्यात जिन्यावर पावले वाजली. मेहुणीने ताईला आणले होते, आणि मागोमाग, फुलांचा गुच्छ घेऊन, साक्षात रेडीमेडशेठ!

"वा, मास्तर! वासावरूनच ओळखलं, घरचं काम," शेठ म्हणाले.

मास्तर लाजले, हसले, आणि सहज त्यांची नजर उशीवर गेली. बाहेरच्या रांगेत एक भोक रिकामे होते.

श्रोतेहो, भूक लागलेली, पफ गरम, माणसे गोळा झालेली, आणि एक टाचणी कमी! मास्तरांनी ट्रेवर झडप घातली. "थांबा! कुणी खाऊ नका! आत टाचणी आहे!"

शेठांचा हात हवेत थांबला. मेहुणीने कपाळाला हात लावला. "भावोजी! मी चमचा म्हणाले होते, चमचा!"

"चमच्यावर भागलं नाही."

"मग खिळे का नाही ठोकलेत?"

मास्तरांनी खाली धावत जाऊन लोहचुंबक आणला. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा. तो दोरीला बांधून पहिल्या पफावर धरला. चुंबक खाली ओढला गेला. "यात आहे!" दुसऱ्यावर धरला, ओढला गेला. "यातही!" तिसऱ्यावर, चौथ्यावर, सगळ्यांवर ओढला जाऊ लागला, तेव्हा शेठ हळूच म्हणाले, "मास्तर, ट्रे लोखंडाचा आहे."

पफ ताटात काढेपर्यंत चुंबक ट्रेला असा चिकटला, की तो सुटेना. शेठांनी ट्रे धरला, मेहुणीने चुंबकाची दोरी ओढली, दोरी तुटली आणि दोघे आपापल्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकले, तरी चुंबक ट्रेवरच. शेवटी मास्तरांनी शिवण उसवायचे छोटे हत्यार घेतले. चेहरा पडला होता, आवाज अर्ध्या दारातूनही नीट येत नव्हता.

"सगळे उसवतो," ते म्हणाले. "एकेक उघडून बघतो."

"म्हणजे चुरा होणार सगळ्याचा," मेहुणी म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्याला धार नव्हती.

"होऊ दे. हिच्या घशात काही गेलं तर?" मास्तरांनी पहिला हात घातला तो कॉलरच्या पफाला. हत्याराचे टोक शिवणीवर टेकले, पण पुढे जाईना. जन्मात एक ताट वाढायचे होते, आणि तेही वाढण्याआधी उसवायचे!

इतका वेळ पत्नी खुर्चीत शांत बसून पाहत होती. ती उठली. मास्तरांच्या हाताखालून तिने कॉलरचा पफ अलगद काढून घेतला आणि भला मोठा घास तोडला.

"अगं!" मास्तर ओरडले. "ताई!" मेहुणी ओरडली. शेठांनी गुच्छ छातीशी धरून डोळे मिटले.

ती चावत राहिली. सावकाश, मन लावून. मग म्हणाली, "लिंबू जरासं जास्त झालंय. बाकी छान." आणि दवाखान्यात वापरते त्याच आवाजात, "अहो, तोंड इकडे करा."

मास्तरांनी निमूट तोंड इकडे केले. तिने दोन बोटांनी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून टाचणी उपटली आणि उशीतल्या रिकाम्या भोकात खोचली.

मग शेठ इतके हसले, की गुच्छातली फुले गळाली.

"तुला केव्हा दिसली?" मास्तरांनी विचारले, आणि सगळे दचकले, त्यांचा आवाज असा पूर्ण उघड्या दारातून कुणी ऐकलाच नव्हता.

"दारातून आत आले तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"दुसऱ्याच्या जिवासाठी घाबरलेली माणसं मी रोज पाहिली हो. माझ्यासाठी घाबरलेलं माणूस कसं दिसतं, ते आज जरा बघत बसले." असे म्हणून तिने दुसरा घास घेतला.

शेठांनी खिशाच्या आकाराचा पफ संपवला आणि बोटे चाटली. "मास्तर, काय पापुद्रे सुटलेत! हे पीठ मळलं तरी कसं?"

मेहुणीने छताकडे पाहिले. मास्तर उभे राहिले. टाचणी नसलेल्या तोंडाने खोटे कसे बोलायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. "रेडीमेड आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" शेठ आनंदाने उडालेच. "पुन्हा म्हणा, मास्तर! एकदाच!"

"पीठ रेडीमेड आहे, शेठ," पत्नीने सांगितले, आणि उरलेली कॉलर तोंडात टाकली. "फिटिंग यांचं आहे. आणि मला अगदी बरोबर बसलंय."

विश्वंभरा, या जोडप्याची शिवण तूच घातली आहेस, ती तूच जप. त्या माउलीला आता निवांत सकाळी दे, आणि गरम ताट आयते दे. मास्तरांची नजर, हात आणि शिलाईयंत्र चालते ठेव. मेहुणीची जीभ अशीच धारदार ठेव आणि तिचा ओव्हन असाच उसना मिळू दे. समोरच्या शेठांनाही बरकत दे, लांबी मात्र त्यांच्या पँटींची थोडी जास्त ठेव, म्हणजे कापून घ्यायला गिऱ्हाईक समोर येत राहील. या घरातल्या उशीत एकही भोक रिकामे न राहो, ताटात एकही घास टोचरा न येवो, आणि दोघांतले कुणीही कधी एकटे जेवायला न बसो. कल्याण असो!