रॉक अल्बम, सेक्टरचा गणपती आणि बाबा

नव्वदच्या सुमारास भिलाईत एकच मराठी रॉक अल्बम निघाला, आणि तो आमच्या क्वार्टरच्या बैठकीत निघाला. (दुसरा निघाला असेल तर कृपया मला सांगू नका.)

गिटारवर मी, ढोलकवर खुर्सीपारचा देवानंद, आणि गायला दोघंही. रॉकमध्ये भजन, भजनात छत्तीसगढी ददरियाची लोकगीतं, असं सगळं आम्ही कालवलं होतं. आई म्हणाली, "हे गानं होय का उरलंसुरलं टाकून केलेली भाजी?"

बाबा स्टील प्लांटमध्ये ऑपरेटर. त्यांनी शांतपणे निकाल दिला.

"लय दिवसापासून हे टुंग टुंग आयकून राहिलो. आता गनपतीत लोकायले आयकव. त्यायले आवडलं तं ठेव गिटार. नाही तं चुपचाप अप्रेंटिसले लाग!"

म्हणजे माझं सगळं भवितव्य त्या एका कॅसेटवर आलं.

रेकॉर्डिंग दुपारी ठेवलं. आईनं कुकर लावला नाही, शेजारच्या काकूंचा रेडिओ बंद करवला, पंखासुद्धा थांबवला. बाबा नाईट शिफ्ट करून आतल्या खोलीत झोपले होते. टेपरेकॉर्डर त्यांच्या दाराशी स्टुलावर ठेवला, कारण प्लग तिथंच होता.

नंतर ऐकलं तर काय! प्रत्येक गाण्याखाली एक खोल, घुमणारा आवाज.

"यार, ये बेस कहाँ से आया?" देवानंदनं विचारलं.

"साधनेतून," मी म्हणालो. (त्या वयात अशी उत्तरं मला आपोआप सुचत.)

सेक्टरच्या गणपतीत प्रकाशन झालं. पाहुणे म्हणून संगीत शिकवणारे एक वयस्क गुरुजी होते. त्यांनी रेशमी रुमाल बाजूला करून कॅसेट उंच धरली, टाळ्या पडल्या, आणि मंडळाच्या मोठ्या स्पीकरवर पहिलं गाणं सुरू झालं.

माझी गिटार भांड्यावर चमचा आपटावा तशी किणकिणत होती. पण तो खोल आवाज! गुरुजींनी डोळेच मिटले.

"वा! काय खर्ज लावलाय! कोण आहे हा कलावंत?"

मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात तो खर्ज अडकला. मांडवात सगळ्यांचे श्वास थांबले. मग एक बारीक शिटी वाजली आणि स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, "पानी दे वं!"

"अहो!" पहिल्या रांगेतून आई ओरडली, "हे तं तुमी घोरून राहिले!"

अख्खा मांडव हसून लोटपोट. मला गणपतीच्या मागं जाऊन बसावंसं वाटत होतं. बाबा मात्र सावकाश उठले, मागं वळले आणि सगळ्यांना रीतसर नमस्कार केला. मग तर "एकडाव अजून लावा!" म्हणून लोक थांबेचनात.

घरी येताना मी चार पावलं पुढंच चालत होतो. बाबाच म्हणाले, "लोकायले आवडलं न? ठेव मंग गिटार."

"खरंच, बाबा?"

"हो. पन पुढच्या वेळी मले आधी सांगत जा. पोटभर जेवून झोपन. आवाज अजून खुलते."

काही दिवसांनी दुर्गच्या मोहन नगरमधून दोन गृहस्थ कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन आले. बाबांच्या पाया पडले, चहा घेतला, आणि निघताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुमी काय करता जी यांच्यासंगं?"

"गिटार वाजवतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "असं का? कॅसेटमंधी गिटार बी होती?"