पडद्यामागची तपासणी

पडदेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं विमानतळावर कुणी उरलं नव्हतं. महिला प्रवाशांची अंगझडती पडद्याआड घ्यायची, हे त्यांचं काम. त्यावरून कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. रोज किती खांदे, किती पाठी त्यांच्या हाताखालून जात, त्याला गणती नाही. आलेली बाई हात पसरून उभी राही आणि बोट लागताच अंग चोरून घेई. कुणी नाक मुरडे, कुणाला गुदगुल्या होत. पडदेबाई कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. बघितलं की समोरची जास्तच अवघडते.

यंदाच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब पाहिला, झोपेची चौकशी केली आणि गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "घरी कुणाला जवळ घेता की नाही? मायेने कुणी मिठी मारली की जिवाची घालमेल कमी होते, झोप लागते, दाबसुद्धा थोडा उतरतो. गोळ्या घ्याच, पण हेही करा."

"दिवसभर तेच करते, डॉक्टर. रांग लावून येतात बायका."

डॉक्टरीणबाई हसल्या. "ती नोकरी झाली. मी घरचं विचारतेय."

घरी होती एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर पडदेबाईंनी तिला एकटीने वाढवलं, आणि या मायलेकींचं सगळं प्रेम तोंडात होतं. जेवलीस का, हे ओरडून विचारायचं. काळजी घे, हे भांडून सांगायचं. एकमेकींना शेवटचं कधी जवळ घेतलं, ते दोघींनाही आठवलं नसतं. आता लेक काही वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाली होती. जाण्यापूर्वी पोरीला एकदा पोटाशी धरावं, एवढंच पडदेबाईंना हवं होतं. पण सवयच नाही, तर सुरुवात कुठून करणार? निघायच्या दिवशी सकाळी त्या तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, आणि बॅगेत स्वेटर नीट घडी करून ठेवला नाही म्हणून कडाक्याचं भांडून कामावर निघून आल्या. रजा त्यांनी मागितलीच नव्हती. घरी बसून करायचं काय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्या घाबरल्या होत्या.

दुपारी पडदा सरकला आणि समोर लेक उभी.

नात्यातलं, ओळखीचं माणूस आलं तर दुसरीकडे पाठवायचं, असा नियम होता. पडदेबाईंनी मैत्रिणीच्या सुनेलासुद्धा कधी सूट दिली नव्हती.

"पलीकडच्या रांगेत जा," त्या म्हणाल्या. "मला चालत नाही."

"मी मुद्दाम याच रांगेत थांबले," लेक म्हणाली आणि हात पसरून उभी राहिली.

पडदेबाईंनी पडदा नीट ओढून घेतला. आधी खांदे. हाडं हाताला लागत होती. पोर एवढी कधी वाळली, ते त्यांना कळलंच नव्हतं. मग दंड, मनगटं. मग हात पाठीवर आले आणि तिथेच थांबले. लेकीने अंग चोरलं नाही.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "अहो, किती वेळ?"

"आई," लेक अगदी हळू म्हणाली, "सापडलं का काही?"

"थांब. शोधतेय अजून."

लेकीचे पसरलेले हात खाली आले ते आईच्या गळ्यात. बोलल्या असत्या तर पुन्हा भांडल्याच असत्या. मग पडदेबाईंनी तिच्या बोर्डिंग पासवर शिक्का मारला आणि कामावरच्या आवाजात म्हणाल्या, "चला, पुढे व्हा."

लेक गेली. लगेच दुसरी बाई आत आली, हात पसरून उभी राहिली. पडदेबाईंच्या तळव्यांना अजून लेकीच्या पाठीची ऊब होती आणि त्याच हातांनी आता हिला तपासायचं होतं.

त्यांनी तिला पलीकडच्या रांगेत पाठवलं. का, असं तिने विचारलं, तर म्हणाल्या, "मला चालत नाही."