समजाबाईंनी मेणबत्ती पेटवली

आमच्या वहिनीला अख्खी शाळा समजाबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शाळेत पाठीमागे म्हणजे जेमतेम दोन बाकांवर, त्यामुळे तिला ते चांगलंच ठाऊक आहे. ती विज्ञान शिकवते आणि प्रत्येक प्रयोग 'समजा'ने सुरू करते. समजा, आपण परीक्षानळी घेतली. समजा, तिला उष्णता दिली. समजा, रंग बदलला. लिहून घ्या. या समजाच्या जोरावर तिने वर्षानुवर्षं अभ्यासक्रम रेटला आणि त्यात एक काच फुटली नाही की कुणाचं बोट भाजलं नाही.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक आहे. नात्याने तिची नणंद आणि हुद्द्याने तिच्या हाताखाली. समजाबाईंच्या कृपेने मला कामच उरलं नव्हतं. बाटल्यांवरची धूळ पुसायची, पुसलेल्या बाटल्या पुन्हा मांडायच्या आणि उरलेल्या वेळात माशा मारायच्या.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नवी होती तेव्हा हवेचा दाब शिकवताना इतके फुगे फोडायची की शेजारच्या वर्गातली चित्रकलेची बाई दचकून रेघ चुकायची. मग वर्ग वाढले, वह्यांचे गठ्ठे घरी येऊ लागले, घसा बसू लागला. कधीतरी वेळ नाही म्हणून एक प्रयोग राहिला. पोरं तरीही पास झाली. मग दुसरा राहिला. हळूहळू आमची बाई नुसत्या पाट्या टाकू लागली. घरी आल्यावर चपलाही न काढता खुर्चीत बसून राहायची. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, काय झालं विचारलं तर "काही नाही", आणि मी विचारलं तर "तेच". मला तिचा रागही यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

एका सोमवारी तिने राजीनामा दिला. महिनाअखेरपर्यंत शाळा, त्यानंतर तिच्या भावाच्या दुकानात फरशा विकायच्या. "फरशा शंका विचारत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मुख्याध्यापकांनी शुक्रवारपर्यंत विचार करा म्हणून सांगितलं. शुक्रवारी ते मंजुरीवर सही करणार होते. शाळेत मी बाटल्या पुसणार आणि दुकानात ही फरशा पुसणार, म्हणजे घराणं एकदम चकाचक, असं मनात आलं; पण हसू काही आलं नाही.

गुरुवारी तिने वर्गात सुरू केलं: समजा, ताटलीत पाणी घेतलं. समजा, मधोमध मेणबत्ती पेटवली. समजा, वर ग्लास उपडा घातला. मेणबत्ती आतला प्राणवायू संपवते, त्याच्या जागी पाणी चढतं. लिहून घ्या. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा हात वर गेला. या मुलीला सगळे शंकासुर म्हणतात आणि तिला त्याचा अभिमान आहे. तिने विचारलं, पाणी मेणबत्ती जळताना चढतं की विझल्यावर? वहिनी म्हणाली, अर्थात जळताना. शंकासुर म्हणाली, मी घरी करून बघितलं, ते विझल्यावर चढतं.

मला बोलावणं आलं. मेणबत्ती आण, ग्लास आण, ताटली आण. मी अशी धावले की काडेपेटी विसरले आणि पुन्हा धावले. ज्योत लहान झाली, विझली, पाणी मात्र जागच्या जागी. आणि मग ते सरसर चढलं. वहिनीचा चेहरा पडला. तिने पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तास संपला तेव्हा ती तडक निघून गेली, आणि मला वाटलं, झालं, आता शुक्रवारचीही वाट बघायला नको.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर घरातले यच्चयावत ग्लास उपडे. दादा मोजमापाच्या कपातून चहा पीत होता आणि तक्रार करायची त्याची हिंमत नव्हती. वहिनीच्या केसांना मेण लागलेलं. तिने माझे दोन्ही खांदे धरले. चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. कितीतरी दिवसांनी म्हणाली.

"वन्सं, एका मेणबत्तीने पाणी एवढंसं चढतं आणि तिनांनी हे एवढं. ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच. मग कसं काय?"

मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी बाटल्या पुसते. तिने मला खाली वाकवून ग्लासची कड दाखवली. उपडा घालताना कडेने बुडबुडे निघत होते. हवा तापून फुगते, थोडी बाहेर पळते; मेणबत्ती विझली की उरलेली गार होते, आक्रसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. हे सांगताना ती अक्षरशः नाचत होती. इतकी वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं, असं म्हणून तिने कपाळावर हात मारला आणि लगेच चौथी मेणबत्ती शोधायला लागली.

शुक्रवारी तिने वर्गाला प्रयोगशाळेत आणून सरळ सांगून टाकलं, की मी चुकले, कालचं खोडा. मग दोन ताटल्या मांडून विचारलं, पाणी कुठे जास्त चढेल, एका मेणबत्तीच्या की तीन मेणबत्त्यांच्या ग्लासात? पोरं बाकांवर उभी राहिली. दोन पक्ष पडले, घोषणा सुरू झाल्या, चित्रकलेच्या बाईने तक्रार पाठवली आणि गोंगाट थांबवायला खुद्द मुख्याध्यापक आले. त्यांच्या हातात ते मंजुरीचं पत्र होतं. मी हातातला ग्लास घट्ट धरला.

वहिनीने त्यांना बोलूच दिलं नाही. सर, आधी हात वर करा, कुठल्या पक्षात? सरांनी जन्मभर इतिहास शिकवलेला. त्यांनी दोन्हीकडे सारखंच म्हणून ठामपणे हात वर केला आणि सपशेल हरले. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सर वाकून म्हणाले, पुन्हा करा बघू.

तेवढ्यात शंकासुराने विचारलं, ताटलीत उकळतं पाणी घेतलं तर?

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली, आणि पहिला नंबर आल्यासारखं तोंडभर हसली. मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, नळ सोडून मी धुतलेलेच ग्लास पुन्हा धुवायला घेतले.

घंटा झाली तरी कुणी उठेना. सर तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाई, मग महिनाअखेरीचं काय करायचं?"

वहिनी मेणबत्तीचा ओघळ नखाने खरवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आत्ताच सांगून ठेवते, सर. महिनाअखेरीला ध्वनीचा धडा आहे. गोंगाट याहून जास्त होणार."