नोझलचा फवारा

देवपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मालकांचं, माझ्या नवऱ्याचं, डिझेल इंजिनांच्या नोझल-पंप दुरुस्तीचं दुकान. मी दाराआड बसून सुटे भाग डिझेलने धुऊन द्यायची. गिऱ्हाइकासमोर जात नसे.

गेल्या उन्हाळ्यात तापीच्या धरणावर नाव चालवणारा एक जण आला. फडक्यातून नोझल काढून म्हणाला, "नाना, इंजिन काया धूर मारस. भर पानीमा दम सोडी देस. नावमा मानसं ऱ्हातस."

मालकांनी नोझल टेस्टरवर चढवलं आणि दाब देणारा दांडा मारला. चांगल्या नोझलमधून डिझेल धुक्यासारखं उडतं, ते इंजिनात पूर्ण जळतं. झिजलेल्यातून नुसती धार येते. ती अर्धीच जळते आणि काळा धूर होतो. बाकीचे कारागीर फवारा कागदावर पाहतात. मालक बोट पुढे धरायचे.

"डोयासवर भरोसा नही का, नाना?" नाववाला हसला.

"कागद खोटं बोलस. बोट नही."

आणि त्यांनी हात झटकला. बोटाच्या टोकावर टाचणीएवढा ठिपका, रक्तसुद्धा नाही. "मुंगी चावनी," म्हणाले आणि कामाला लागले.

संध्याकाळपर्यंत बोट पांढरं पडून टम्म सुजलं. सकाळी दवाखान्यातही त्यांनी मुंगीच सांगितली. मी परक्या माणसाशी बोलत नाही, पण तिथे बोलले, "नोझलमधलं डिझेल दाबाने कातडीतून आत गेलं. मी पाहिलं."

डॉक्टरांचा चेहराच उतरला. "कालच यायचं होतं, बाई."

उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट काढावं लागलं.

जखम वाळल्यावर नाववाला पुन्हा आला. मालकांनी नोझलमध्ये तोंड उघड-बंद करणारी नवी सुई घातली. डिझेलमध्ये बुडवलेली सुई थोडी वर ओढून सोडली की आपल्या वजनाने सावकाश खाली उतरली पाहिजे. कुठे केसभर अडली तर ते त्यांच्या त्या गेलेल्या बोटाला कळायचं. आता ते अंगठा आणि मधल्या बोटाने ओढत होते, पुन्हा पुन्हा. मग नोझल दाराआड माझ्याकडे धरलं.

"तू देख. अडकस का?"

मला लोखंडाचा गारवा तेवढा लागला. "माले नही समजत," मी म्हटलं.

त्यांनी नोझल फडक्यात गुंडाळून परत दिलं. "जळगावले दुसरा कारागीरकडे लई जा, भाऊ. तुनी नावमा मानसं ऱ्हातस."

नाववाला पायऱ्या उतरला. मालकांनी टेस्टरवर पोतं टाकलं. मी धुतलेले भाग ताटात तसेच ठेवले, कोणी मागितले नाहीत.