आवाज येण्याआधीच दाबलेलं बटण

प्रिय ईरा आणि नील,

वाशीमच्या दवाखान्यात कानांची तपासणी चालू असताना मी कॉपी केली. हो, तुमच्या आजीनं. जिनं वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि परीक्षेत मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या, तिनं.

या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. बाहेरचा आवाज येणार नाही अशा लहानशा खोलीत बसवतात आणि कानांवर हेडफोन लावतात. बारीक आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. समोर काच होती. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचा हात यंत्राकडे गेला की मी बटण दाबत होते.

थोड्या वेळानं त्या दार उघडून आत आल्या, माझ्यासमोर वाकल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आजी, मी अजून आवाज सोडलाच नाही."

मग त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बटण दाबण्यासारखं फार थोडं ऐकू आलं.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. निदान होतं सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाच्या आतल्या नाजूक पेशी आणि नस थकतात. आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. "बायकांचे, लहान मुलांचे आवाज," डॉक्टर म्हणाले, "ते किती दिवसांपासून नीट कळत नाहीत?"

मी म्हणाले, "असेल सहा महिने." हेही खोटं होतं. दोन वर्षं झाली होती.

त्या दोन वर्षांत मी लपवण्याची एक शिस्तच लावून घेतली होती. लग्नकार्यात भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कुणी हाक मारणार नाही. आपणच प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर कशाबद्दल आहे ते ठाऊक असतं. लोक हसले की हसायचं, अर्धा क्षण उशिरा. कुणी फारच बोलू लागलं तर आपणच बोलत सुटायचं. गावात लोक म्हणायचे, बाई रिटायर झाल्यापासून फार बोलतात.

सगळ्यांत अवघड जायचा तुमचा रविवारचा व्हिडिओ फोन. शेजारच्या आज्यांची नातवंडंही तुमच्यासारखीच परदेशात आहेत, पण त्या आज्यांना नातवंडांचं इंग्रजी कळत नाही. मला कळतं, हा माझा तोरा. तो सोडवत नव्हता. म्हणून मी शनिवारीच कागदावर प्रश्न लिहून ठेवायची: शाळा, हवा, जेवण. रविवारी सकाळपासून तळहात ओले व्हायचे. छातीत धडधड. फोन वाजला की वाटायचं, रेंज जावी. कधी कधी मीच तो बंद करायची आणि तुमच्या बाबाला कळवायची, "आज टॉवर नाही."

ईरा, श्रावणातल्या एका रविवारी तू फोनवर एकटीच होतीस. तू बराच वेळ बोललीस, खाली बघून, तोंडासमोर हात धरून. मला एक शब्दही कळला नाही. तू थांबलीस तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "व्हेरी गुड! कीप इट अप!" तू माझ्याकडे पाहिलंस आणि पडदा काळा झाला.

मला काय वाटलं, तेही लिहिते. बरं वाटलं. फोन लवकर संपला म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी तू आली नाहीस. नील एकटाच आला आणि हात हलवून गेला. मी विचारलं नाही. उत्तर ऐकावं लागलं असतं.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी रीत अशी आहे, की धाकटी जाऊ महालक्ष्मीचा मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि म्हणते, महालक्ष्मी आली. आतून मोठीनं विचारायचं, कशाच्या पावलानं आली? ती म्हणते, सोन्याच्या पावलानं. मग मोठीनं 'ये' म्हणायचं. त्याशिवाय देवी उंबरा ओलांडत नाही.

मोठी मी. उंबऱ्याबाहेर तुमची धाकटी आजी. घंटा आणि थाळी वाजत होत्या, बायका बोलत होत्या. मी तिच्या ओठांकडे बघायचं ठरवलं होतं. पण तिनं मुखवटा तोंडासमोर धरला होता. ती बोलली की नाही, ते मला कळेना. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. घंटा थांबली. देवी बाहेर, मी आत. हृदय गळ्याशी आलं, बोटांना मुंग्या आल्या आणि मी खाली बसले.

हार्ट अटॅक समजून मला वाशीमला नेलं. ईसीजी झाला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. टू-डी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दोन दिवस बाकावर वाट पाहण्यात गेले. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. मग मान खाली घालून लिहिता लिहिता त्यांनी काहीतरी विचारलं. मी हसून मान डोलावली. धाकटी आजी कपाळाला हात लावून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, खाली पाहून नका बोलू. त्यायले आयकू येत नाही."

मी चिडले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे, जाऊबाई? दोन सालापासून साऱ्या घराले मालूम हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना! तुमाले आयकूच आलं नाही."

डॉक्टर हसले, ती हसली. मला भुईत जावंसं वाटलं. जे लपवण्यात मी झोप घालवली, ते लपलेलंच नव्हतं. आणि त्याच डॉक्टरांनी मला कानांच्या डॉक्टरांकडे धाडलं, आणि तिथंही मी, वर सांगितलं तसं, बटण दाबून फसवायला बसले.

कानांच्या डॉक्टरांनी समजावलं, की अर्धवट ऐकलेलं वाक्य मेंदू दिवसभर जुळवत बसतो आणि थकतो. या थकव्याला लिसनिंग फटीग म्हणतात. "पण तुम्हाला ऐकण्यापेक्षा लपवण्याचा ताण जास्त आहे, आजी. कानात घालायचं यंत्र देतो. यंत्रानं कान तरुण होत नाहीत. लोकांना सांगावं लागेल."

यंत्राचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. वर्तमानपत्राची घडी कडाडायची, कुकरची शिटी डोक्यात घुसायची. मी यंत्र डबीत ठेवून द्यायची, धाकटी आजी ते पुन्हा हातात द्यायची. हळूहळू सवय झाली. आता ती आधी माझ्या खांद्याला हात लावते, मग बोलते. टीव्ही बंद करते. किराणा दुकानात मी आधीच सांगते, "मला कमी ऐकू येतं, समोर बघून बोला." पहिल्यांदा हे बोलले तेव्हा दुकानदार म्हणाला, "बरं बाई," आणि साखर मोजू लागला. एवढंच. धडधड अजून होते, पण आता ती कशाची ते मला ठाऊक असतं. मी श्वास मोजते, शांत जागी दहा मिनिटं बसते. माझ्या वयाच्या कुणी हे वाचलं तर त्यांना एवढंच सांगेन, दोन वर्षं वाया घालवू नका.

तुमच्या बाबाला मी सगळं खरं कळवलं. तो म्हणाला, "आई, ईरानं तुला काहीतरी सांगितलं होतं. आम्हाला नाही, तुलाच. तू 'व्हेरी गुड' म्हणालीस म्हणे."

गेल्या रविवारी यंत्र लावून मी तुझ्याशी बोलले, ईरा. माफी मागितली. तू म्हणालीस, जाऊ दे आजी, ती जुनी गोष्ट झाली. मला ते स्पष्ट ऐकू आलं. म्हणून जास्त लागलं.

हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर मी पुन्हा शिक्षिका झाले असते. म्हणून मराठीत लिहिते. बाबा वाचून दाखवील.

त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला आजही माहीत नाही. ते पुन्हा सांगायलाच हवं असं नाही. ते ऐकण्याचा हक्क मी गमावला आहे. पण कधी सांगावंसं वाटलंच तर हात तोंडासमोरून काढ आणि सावकाश बोल. मी मध्येच थांबवीन, परत विचारीन, तुला कंटाळा येईल. नाही कळलं तर 'नाही कळलं' म्हणेन. कळेपर्यंत फोन ठेवणार नाही.

तुमची,
आजी